सत्तर ग्रेनची गोळी

नील, अन्वी, हे प्रकरण मी तुमच्या आईला विचारून लिहिते आहे. फोनवर ती म्हणाली, "लिही. पण मला बरं वाटावं म्हणून काही बदलू नकोस, आणि स्वतःला बरं वाटावं म्हणूनही नको." तेव्हा इथे कुणाला सांभाळून घेतलेलं नाही. तुमची आई केतकी त्या वर्षी सोळाची होती आणि मी सेहेचाळीसची. मोठं व्हायचं वय तिचं होतं. माझं होऊन गेलं आहे अशी माझी समजूत होती.

फ्रेंच बोलणाऱ्या ब्रॉसार्ड गावातलं आमचं घर तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्ही जन्मायच्या आधीच ते विकलं. वर तीन खोल्या आणि स्वयंपाकघर, खाली बेसमेंट. बेसमेंटमध्ये वॉशिंग मशीन, पापडांचे डबे, पुण्याहून आणलेल्या पुस्तकांची खोकी, आणि खिडकीखाली एक जाड लाकडी टेबल. त्या टेबलावर तुमच्या आजोबांनी काडतुसं भरायचा प्रेस बोल्ट मारून बसवला होता. रविवारी सकाळी वर कुकरच्या शिट्ट्या होत आणि खाली टंबलरची घरघर चाले. टंबलर म्हणजे एक प्लास्टिकचं भांडं. त्यात अक्रोडाच्या टरफलांचा भुगा आणि वापरलेल्या पितळी नळ्या घालायच्या, की ते तीन-तीन तास थरथरत राही आणि नळ्या लग्नातल्या समयांसारख्या चकचकीत होत. फोडणीचा वास जिन्यावरून खाली उतरायचा आणि बंदुकीच्या तेलाचा वर यायचा. आमच्या घराचा वास म्हटलं की मला अजून हे दोन्ही एकत्रच आठवतात.

बंदूक आमच्याकडे आली ती शेजारच्या जिलमुळे. जिल पत्राकामातून निवृत्त झालेला, साठीच्या पुढचा, एकटा, फ्रेंच भाषिक, आणि इंग्रजी बोलायचा तेव्हा वाक्याच्या मध्येच कंटाळून फ्रेंचवर जाणारा. आजोबा विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात धातूंची तपासणी करत. धातू हा दोघांचा बोलायचा विषय झाला, आणि धातूवरून गाडी बंदुकीवर गेली. दर नोव्हेंबरात जिल अमेरिकेच्या हद्दीजवळ त्याच्या बहिणीच्या रानात हरणाच्या शिकारीला जायचा. आजोबा एका वर्षी नुसते बरोबर गेले, पुढच्या वर्षी परीक्षा देऊन परवाना घेतला. केतकी बाराव्या वर्षापासून जिलबरोबर रानात हिंडत होती. फ्रेंच शाळेत तिला फारशा मैत्रिणी नव्हत्या. घरी ती चार शब्द बोले, जिलकडे चाळीस. सोळाव्या वर्षी तिनेही शिकारीच्या परवान्याचा कोर्स केला आणि एक दिवस जेवताना जाहीर केलं, "या सीझनला मी जाणार आहे."

मी शाकाहारी. माझ्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नसे. त्यावर आम्ही घरच्या घरी एक तोडगा काढला होता आणि तो आम्हां सगळ्यांना फार शहाणपणाचा वाटायचा. शिकार करायची ती रानात, कापायचं आणि शिजवायचं ते जिलच्या गॅरेजात, आणि घरात यायचं ते हातपाय धुऊन. काडतुसं मात्र घरात भरायला हरकत नव्हती, कारण काडतुसाला रक्त नसतं. आणि ती भरायची मी.

तुम्हांला नवल वाटेल. पुण्यात मी कॉलेजात केमिस्ट्रीची डेमॉन्स्ट्रेटर होते. इथे आल्यावर कुठल्याही लॅबमध्ये फ्रेंचवाचून कुणी उभं करेना, म्हणून एका औषधांच्या दुकानात मी बाटल्यांना लेबलं लावत होते. बारा वर्षं माझ्या हातात तराजू आला नव्हता. आजोबांनी काडतुसातली दारू तोलायचा छोटा तराजू आणला, त्याची दांडी स्थिर होताना मी पाहिली, आणि त्यांना बाजूला व्हायला सांगितलं. त्या दिवसापासून ते टेबल माझं झालं. प्रत्येक काडतुसाची नोंद मी वहीत ठेवायची: नळी कितव्यांदा वापरली, दारू किती, गोळी कुठली, कागदावर भोकं कशी पडली. आजोबा जिन्यातून ओरडायचे, "सुधाबाई, आता पोळ्यासुद्धा तोलून लाटा!" जिलने एकदा वही चाळली आणि आजोबांना विचारलं, "तुझी बायको सोनार आहे का?" मला ते फार आवडलं होतं.

थोडं समजावून सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपण बोलताना काडतुसालाच गोळी म्हणतो. काडतुसात चार वस्तू असतात: पितळेची नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टिकली, आत दारू, आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. उडते ती फक्त गोळी. तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या सोनाराची गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन. केतकीसाठी जिलने स्वस्तात दिलेल्या जुन्या रायफलीत सत्तर ग्रेनची गोळीही चालायची आणि शंभरचीही. दोन्हींतला फरक दोन ग्रॅमचा. फोडणीत मोहरी टाकताना आपला हात याहून जास्त चुकतो. पण वजनाएवढीच महत्त्वाची असते ती गोळीची घडण. आत शिसं, वरून तांब्याचं कवच. कवच जाड असेल आणि शिसं त्याला पक्कं जोडलेलं असेल, तर गोळी हाडावर आपटली तरी एकसंध राहते, पुढून छत्रीसारखी उमलते आणि आरपार जाते. कवच पातळ असेल तर ती लागताक्षणी फुटते.

हे मी आज चार ओळींत लिहिलं. तेव्हा मला माहीत नव्हतं, कारण मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. जिलकडे लोणच्याच्या बरणीएवढी एक बरणी होती. त्यात वीस-पंचवीस वर्षांत मारलेल्या हरणांच्या शरीरांतून काढलेल्या गोळ्या होत्या, उमललेल्या, वाकड्या, काही नुसते कवचाचे तुकडे. ती बरणी घेऊन तो दोनदा आमच्या दारात आला. "मादाम सुधा, बघा, प्रत्येकीत एक धडा आहे." दोन्ही वेळा मी हात मागे घेतला. मांसातून आलेली वस्तू माझ्या टेबलावर नको, असं हसत हसत सांगितलं. एका उन्हाळ्यात त्याने टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टऱ्या पाण्यात भिजवून, त्यांच्यावर गोळ्या झाडून, कुठली किती पानं भेदते ते आजोबांना आणि केतकीला दाखवलं होतं. मी गेले नाही. ओल्या कागदाच्या जागी काय समजायचं ते मला कळत होतं. माझा कागद कोरडा होता. त्यावर काळी वर्तुळं होती, आणि भोकं जितकी जवळ जवळ तितकं माझं काम चांगलं.

त्या सप्टेंबरात एका रविवारी मी केतकीच्या डोक्याला तेल लावत होते. टी-शर्टचा गळा सरकला आणि उजव्या खांद्यावर तळहाताएवढा जांभळा डाग दिसला.

"हे काय?"

"इट्स फाइन, आई. रेंजवर नेमबाजी करताना झालं."

"फाइन कसलं? वांग्यासारखा झालाय खांदा."

"मग भरीत कर," ती म्हणाली. ती हसली, पण मी डागावर बोट ठेवलं तेव्हा तिने श्वास आत ओढला.

ती बारीक चणीची, आणि शंभर ग्रेनच्या काडतुसांचा धक्का तिला बसत होता. आजोबा म्हणाले, आता ती चाप ओढायच्या आधीच अंग आखडते, त्यामुळे भोकं ताटाएवढी पसरतात. मी खाली गेले आणि वही उघडली. हलकी गोळी म्हणजे कमी धक्का, एवढं तर शाळेतलं पदार्थविज्ञान होतं. दुकानातून सत्तर ग्रेनच्या गोळ्यांचा डबा आणला. डब्यावर बिळात राहणाऱ्या एका जाड्या प्राण्याचं चित्र होतं. मी चित्र पाहिलं, वजन पाहिलं, आणि वजन वहीत लिहिलं. आजोबांनी कॅल्क्युलेटर घेऊन वेग आणि ऊर्जा काढली. हलकी गोळी जास्त वेगाने जाते, त्यामुळे ऊर्जा जवळजवळ शंभराच्या गोळीएवढीच येत होती. दोघांचं शिक्षण एकमताने बोललं. शंका घ्यायला घरात तिसरं कुणी नव्हतं.

नवी काडतुसं घेऊन ते दोघं जिलबरोबर रेंजवर गेले, त्या दिवशी मीही गेले. केतकीने तीन गोळ्या झाडल्या, आणि आजोबा कागद घेऊन जवळजवळ धावतच आले. तिन्ही भोकं दोन डॉलरच्या नाण्याखाली झाकली जात होती. केतकीने मला मिठी मारली. तिने आपण होऊन मिठी मारल्याला तेव्हा वर्ष तरी झालं असेल. मला रडू यायचं बाकी होतं.

जिलने कागद पाहिला. "ब्राव्हो," तो म्हणाला. मग विचारलं, "काय भरलंय?"

"सत्तर ग्रेन."

त्याने कागद खाली ठेवला. "मादाम सुधा, ही मार्मोटची गोळी. शेतात बिळं करणाऱ्या त्या जाड्याची. लागली की अशी होते," आणि त्याने हवेत चुटकी वाजवून पाचही बोटं फाकवली. "त्याला पुरते. हरणाला नाही."

"पण नेम बघा ना कसा बसलाय!"

"कागदाला खांदा नसतो, मादाम."

आजोबा म्हणाले, "जिल, ऊर्जा सेम आहे. मी कॅल्क्युलेट केलंय."

"तू कॅल्क्युलेट केलंयस," जिल म्हणाला आणि त्याने खांदे उडवले. मग माझ्याकडे वळून, समजुतीच्या सुरात, "शंभरचीच ठेवा, पक्क्या घडणीची. दारू थोडी कमी करा. धक्का कमी होईल, आणि चाळीस पावलांवर हरणाला फरक कळणार नाही. माझ्याकडे या, बरणी दाखवतो."

"बरणी नको," मी म्हटलं. सगळे हसले. जिलही हसला, पण सगळ्यांच्या नंतर.

पुढे कितीदा तरी मी स्वतःला विचारलं आहे की मी त्याचं का ऐकलं नाही. त्याने सांगितलेला उपाय सोपा होता, एका संध्याकाळचं काम. पण माझ्या हातात तो कागद होता आणि पाठीवर अजून ती मिठी होती. नवी काडतुसं भरायची म्हणजे पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा ताटाएवढी भोकं, पुन्हा जांभळा खांदा. आणि खरं सांगायचं तर, बारा वर्षं बाटल्यांवर लेबलं लावल्यावर कुणी माझ्या मोजमापाला चूक म्हणावं हे मला सहन होत नव्हतं. मी सत्तर ग्रेनची वीस काडतुसं भरून डबी तिच्या हातात दिली.

नोव्हेंबरातल्या त्या सकाळी तिघं अंधारातच निघाले. मी थालीपिठाचं पीठ भिजवलं. नऊच्या सुमारास आजोबांचा फोन आला. मागे वारा होता.

"आठ वाजता लागलंय," ते म्हणाले. "पण पडलं नाही. पळालं. सापडत नाहीये."

"केतू?"

"शोधतेय. बोलत नाहीये. सुधा, दुपारनंतर बर्फ सांगितलाय, मग माग राहणार नाही. जिल म्हणतो, आणखी दोन डोळे असते तर बरं."

मी थालीपिठं फॉइलमध्ये बांधली, थर्मास भरला आणि तासभर गाडी चालवत गेले. जाताना मनात एकच हिशेब होता: आठ वाजता लागलं, आता दहा वाजून गेले. रस्त्याच्या कडेला आजोबा नारिंगी जाकीट घेऊन उभे होते. ते माझ्या कोटावर चढवून त्यांनी मला आत नेलं. झाडांच्या फांद्यांना टॉयलेट पेपरचे पांढरे तुकडे अडकवले होते. जिथे जिथे रक्ताचा थेंब सापडला तिथे जिलने एक लावला होता, म्हणजे मागे वळून पाहिलं की जनावर कुठल्या दिशेने गेलं ते कळावं. आधी ते तुकडे दहा-बारा पावलांवर होते, मग चाळीसवर, मग एकेकासाठी अर्धा अर्धा तास. रक्त फार कमी होतं. एका ठिकाणी केसांचा झुपका आणि हाडाचा नखाएवढा पांढरा कपचा. केतकी गुडघ्यांवर बसून पानं उलटत होती. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. मी थर्मास पुढे केला, तर म्हणाली, "नॉट नाऊ."

रानात चालायची मला सवय नव्हती. दोनदा पडले. पण नजर माझी चांगली होती, बारीक गोष्टी टिपणारी, आणि शेवटचे तीन थेंब मीच शोधले. हे लिहिताना मला त्याचा आनंद वाटत नाही, पण तेव्हा, खरं सांगते, तिसरा थेंब सापडला तेव्हा वाटला होता.

तीन वाजायला आले होते. ओढ्याकाठी देवदारांची दाटी होती, तिथे तो होता. नर, लहान शिंगांचा. बसलेला, मान वर. आम्हांला पाहून उठला, पुढचा डावा पाय नुसता लोंबत होता, आणि तो त्याच अंगावर कोसळला. पुन्हा उठला, पुन्हा कोसळला. आवाज काही केला नाही. माझी समजूत होती की जखमी जनावर ओरडतं. तो फक्त श्वास घेत होता, आणि प्रत्येक श्वासाची वाफ दिसत होती. केतकीने बंदूक उचलली. तिने ती खाली केली, पुन्हा उचलली, आणि मग फ्रेंचमध्ये, अगदी हळू, जिलला म्हणाली, "तुम्ही करा." जिलने आजोबांकडे पाहिलं. आजोबांनी मानेनेच हो म्हटलं. जिलने त्याच्या बंदुकीने एकदाच झाडली.

आठ ते तीन. सात तास.

आजोबा केतकीला घेऊन टेकाडावर गेले. जिलने सुरी काढली, गुडघे टेकले, आणि मग माझी वाट पाहत थांबला. 'बघा' असं तो म्हणाला नाही. मी जवळ गेले. डाव्या खांद्यावर बशीएवढा खड्डा होता, मांसाचा लगदा झालेला, त्यात शिशाचे राखाडी कण आणि तांब्याचे पापुद्रे. खांद्याचं हाड चुरगळलं होतं. पण त्याच्या मागची छातीची फासळी शाबूत होती. गोळी आत गेलीच नव्हती. खांद्यावरच फुटून संपली होती.

जिलने खड्ड्याच्या मध्यावर बोट ठेवलं. "नेम इथे होता. मी असतो तर मीही इथेच धरला असता. शंभरची पक्की गोळी असती तर तो वीस पावलांत पडला असता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तिला वाटतंय तिचा हात हलला. तिला सांगायला हवं. मी सांगू?"

"नको," मी म्हटलं. "मी सांगते."

परत येताना जिल त्याच्या गाडीने गेला; आमची गाडी आजोबा चालवत होते, मी पुढे होते, केतकी मागे. बर्फ पडायला लागला होता. मग ती म्हणाली, "आय जर्क्ड इट, बाबा. चाप ओढताना हलले मी. मला फील झालं."

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. जिलने त्यांनाही दाखवलं होतं. मी तोंड उघडलं. मला वाक्य माहीत होतं, त्यात अवघड असं काही नव्हतं.

"थालीपीठ खाशील?" मी विचारलं.

"नको."

"होतं असं, केतू," आजोबा म्हणाले. "पहिलीच वेळ होती."

आणि ते तिथेच राहिलं. त्या संध्याकाळी ती दमलेली होती म्हणून नाही सांगितलं. दुसऱ्या दिवशी शाळा होती. मग तिला ताप आला. आजोबांनी स्वयंपाकघरात मला विचारलं, "तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं, परीक्षा होऊ दे. मांसाची पाकिटं बांधून त्याच्या गॅरेजात ठेवली आहेत, हे सांगायला जिल आला. केतकी खोलीतून बाहेर आली नाही. त्याने माझ्याकडे पाहून विचारलं, "सांगितलं?" मी म्हटलं, "हो." त्याने माझा दंड थोपटला. "बॉं. छान केलंत. सोपं नसतं." नील, अन्वी, आयुष्यात मी थोड्या थापा मारल्या आहेत, बहुतेक वेळ वाचवायला. ही एकच अशी, की जिच्याबद्दल कुणीतरी मला शाबासकी दिली.

केतकीने रायफल कपाटात ठेवली आणि किल्ली आजोबांना दिली. जिलकडे जाणं बंद केलं. मला ते दिसत होतं. मी तिच्या आवडीची डाळिंब्यांची उसळ केली, साबुदाण्याची खिचडी केली, बटाटेवडे तळले. ती खायची. ताट धुऊन ठेवायची आणि आत जायची. मी स्वतःला सांगत होते की मुलं विसरतात.

तीन आठवड्यांनी तिने माझ्यापुढे एक कागद ठेवला. शाळेतला फ्रेंच निबंध, शिक्षिकेने तपासलेला, खाली पालकांच्या सहीची जागा. "सही हवीये," ती म्हणाली आणि दाराशी उभी राहिली. मी तेव्हा संध्याकाळच्या फ्रेंचच्या वर्गाला जात होते, दुसऱ्या पातळीला. सावकाश वाचत गेले. रान, दव, चाळीस पावलं. मग एक वाक्य, ज्यात अवघड शब्द एकही नव्हता: मी वाईट नेम धरला आणि माझ्यामुळे तो सात तास मरत होता. शिक्षिकेने समासात लिहिलं होतं की किती प्रामाणिक लेखन आहे. त्याच्या खाली मी सही करायची होती.

मी पेन खाली ठेवलं. "हे खरं नाही," मी म्हटलं.

"व्हॉट?"

"नेम बरोबर होता. अगदी बरोबर. गोळी चुकीची होती. ती फुटली. खांद्यावरच. जिलने आधी सांगितलं होतं मला, रेंजवर, तुझ्यासमोरच. गोळी मी निवडली होती."

तिला समजायला वेळ लागला. चेहऱ्यावर आधी काहीतरी सुटल्यासारखं झालं, आणि मला वाटलं, झालं, संपलं. मग तिने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"कधी? त्या दिवशी कधी?"

"तिथेच. ओढ्यापाशी."

"म्हणजे गाडीत तुला माहीत होतं." हे तिने एकही इंग्रजी शब्द न मिसळता म्हटलं. एरवी कठीण वेळी ती इंग्रजीवर जायची. "मी म्हटलं की माझा हात हलला, तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"बाबांना?"

"हो."

"आणि तू मला थालीपीठ विचारलंस."

मी सॉरी म्हटलं. ते तिने ऐकलं नसावं, किंवा ऐकून बाजूला ठेवलं. ती म्हणाली, "गोळीचं समजू शकते मी, आई. तू माझ्या खांद्यासाठी केलंस. पण मला तीन आठवडे झोप नाही. डोळे मिटले की तो उठतो आणि पडतो. आणि मी ऐकत होते, रोज, तू स्वयंपाकघरात भांडी घासत होतीस, गुणगुणत होतीस." मग तिने कागद उचलला. "सही बाबांची घेते."

तुमची आई रागावून ओरडणारी नाही, हे तुम्हांला माहीत आहे. ती दुसऱ्या दिवशी जिलकडे गेली. परत आली ती त्याची बरणी घेऊन, आणि सरळ खाली बेसमेंटमध्ये गेली. त्या हिवाळ्यात त्या टेबलाशी ती बसली. शंभर ग्रेनच्या, जाड कवचाच्या, शिसं पक्कं जोडलेल्या तीन प्रकारच्या गोळ्या तिने आणवल्या. दारू कमी करत करत खांद्याला सोसेल तिथे आणली. ओल्या डिरेक्टऱ्यांवर प्रत्येक गोळी झाडून, आतून काढून, कापून पाहिली. नोंदी तिने वेगळ्या वहीत केल्या, फ्रेंचमध्ये. मी एकदा जिन्यात उभी राहून म्हटलं, "तराजूची दांडी नीट शून्यावर येतेय ना?" ती वर न बघता म्हणाली, "येतेय." त्यानंतर मी त्या घरात काडतूस भरलं नाही. मला कुणी मनाई केली नव्हती.

जिलने मला कधी काही विचारलं नाही. त्याला ती थाप कळली असणारच. भेटला की टोपी उचलायचा, हवामानाचं बोलायचा. दंड मात्र पुन्हा कधी थोपटला नाही.

पुढच्या नोव्हेंबरात, निघायच्या आदल्या दिवशी, केतकी स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "तू पण चल." आमंत्रण नव्हतं ते. मी नारिंगी जाकीट घातलं. सकाळभर मी, ती आणि आजोबा एका पडलेल्या खोडामागे बसून होतो. पायांना कळ लागली होती. मग ती जागच्या जागी ताठ झाली. तिच्या बंदुकीचा एकच आवाज झाला. समोर आलेला नर दोन उड्या मारून गेला आणि पुढच्या गुडघ्यांवर खाली बसला, आणि उठला नाही. आम्ही थांबलो. तिने घड्याळात पाहिलं, पूर्ण दहा मिनिटं जाऊ दिली. मग जवळ जाऊन एका लांब काडीने त्याच्या डोळ्याला स्पर्श केला. डोळा हलला नाही.

आजोबा म्हणाले, "शाब्बास, केतू." तिने जिलने शिकवल्याप्रमाणे पोट उघडलं, हात आखडता न घेता, नीट. मी चार पावलांवर उभी होते, माझ्या नेहमीच्या अंतरावर.

"इकडे ये, आई."

मी गेले.

"बस. गोळी आत जाताना इथून गेलीये. पलीकडे कुठून बाहेर पडली, ते तू शोध."

"दिसतंय मला," मी म्हटलं. दिसत नव्हतं.

"बघून नाही कळत. हात घाल."

मी हातमोजा काढला. बाही कोपरापर्यंत वर केली. बाहेर इतकी थंडी होती की बोटं बधिर झाली होती, आणि आत इतकं गरम होतं, की क्षणभर बरं वाटलं. मी फासळ्यांवरून बोटं सरकवत गेले, एकेक फासळी मोजत, आणि पलीकडच्या बाजूला एका जागी माझा अंगठा आरपार थंड हवेत गेला.

"सापडलं?" तिने विचारलं.

"सापडलं," मी म्हटलं. ती हात काढ म्हणेपर्यंत मी काढला नाही.